तांबड्या ग्रहावर गेलेला शिगम्याचा घोडा

मी एक जुना घोडा आहे, मित्रांनो. गवत आणायला धावू नका, मी खात नाही. माझं डोकं फणसाच्या लाकडाचं, अंग बांबूच्या कामट्यांचं, आणि पाय तर मला नाहीतच. डावा कान तुटलेला आहे. तरी ऐकू मला चांगलं येतं, तेव्हा माझ्यासमोर 'हे जुनं लाकूड काय कामाचं' असलं काही बोलू नका. एकदा बोलून झालेलं आहे, आणि त्यातून पुढे काय रामायण घडलं तेच आज सांगायला बसलो आहे.

तुमच्यातल्या ज्यांनी घोडेमोडणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. आमच्या डिचोलीकडे शिगम्यात हा खेळ असतो. माझ्या अंगाच्या मधोमध एक पोकळी आहे. नाचणारा गडी तीत उभा राहतो आणि माझे पट्टे खांद्यावर अडकवतो. पुढे माझी मान, मागे शेपूट, आणि खाली झालर लावून त्याची कंबर झाकलेली. त्याच्या एका हातात माझा लगाम आणि दुसऱ्या हातात नागवी तलवार. ढोल-ताशांवर काठी पडली की तो नाचतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की घोडाच नाचतो आहे. पाय त्याचे, डोकं माझं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मला घडवलं गावच्याच मेस्तने, म्हणजे सुताराने. तो कमी बोलायचा आणि रंधा मारताना शीळ घालायचा. नाकपुड्या कोरल्या तेव्हा त्याने त्यात फुंकर मारली आणि म्हणाला, आता श्वास घे. मी घेतला. तेव्हापासून मी जिवंत आहे असं माझं मत आहे. तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या.

माझा मान सदाशिवच्या घराण्याकडे. मान म्हणजे असं, की शिगम्यात मला अंगावर चढवायचं ते त्या घरच्या थोरल्या मुलानेच. आधी सदाशिवचा बाप माझ्यात नाचला, मग सदाशिव. काय नाचायचा तो! मांडावरून, म्हणजे खेळ जिथून निघतो त्या देवाच्या जागेवरून, निघालो की दारोदारी बायका निरांजन घेऊन उभ्या असायच्या. सदाशिव असा काही झेपावायचा की पुढच्या रांगेतली माणसं खरोखर मागे सरायची. देवळापुढे वळण घेताना तो माझ्या कानाशी हळूच म्हणायचा, "सांबाळ रे." मला ते फार आवडायचं. माझ्याशी असं कुणी बोलत नव्हतं.

दिवस काय कुणाचे राहतात? आधी कान तुटला. मग मानेच्या सांध्यात वाळवी शिरली आणि मान लटपटू लागली. एका वर्षी ऐन नाचात ती अशी काही कलली, की देवळापुढे मी सलाम ठोकतो आहे असं दिसलं. कुणी हसलं नाही, पण सदाशिवला ते लागलं. पुढच्या शिगम्याला नवा घोडा आला. हलक्या लाकडाचा, गुळगुळीत, डोळे बटाट्याएवढे. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पोरगा आहे, शिकेल.

हे जुनं लाकूड आता काय कामाचं, असं घरात कुणीतरी म्हणालं आणि मी माळ्यावर गेलो. आमच्याकडे रीत अशी की शिगम्याचा घोडा चुलीत घालायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही. पावसात नदीला पाणी चढलं की तिच्या स्वाधीन करायचा. सदाशिवने तसं घरात सांगून टाकलं, येत्या पावसात याला मानाने नदीत सोडायचं. मानाने! तुम्हाला कुणी मानाने बुडवायला निघालं तर कसं वाटेल, सांगा बघू.

ही गोष्ट गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची. मी माळ्यावर पडून पावसाळ्याची वाट बघत होतो. म्हणजे बघत नव्हतो, येऊच नये म्हणत होतो. तिथे मला सोबत मिळाली ती सदाशिवच्या धाकट्या भावाची, गोकुळदासची.

गोकुळदास खाणीच्या कचेरीत कारकून. घरात माणसं फार, म्हणून रविवारी तो लिहायला माळ्यावर यायचा. त्याला दोन वेड होती. एक म्हणजे म्हापशाच्या टॉकीजमध्ये लागणारे घोडेवाल्यांचे इंग्रजी पिक्चर. ओसाड माळरान, एकटा स्वार, टोपी डोळ्यांवर, आणि गावात शिरताना पटापट बंद होणाऱ्या खिडक्या. दुसरं वेड विज्ञानकथांचं, अवकाशयानं आणि परके ग्रह. अशी वेडं पुष्कळांना असतात. पण गोकुळदासला ती वेगवेगळी नको होती. त्याला एकाच गोष्टीत रॉकेटही हवं होतं आणि रॉकेटच्या शेजारी बांधलेला घोडाही.

यावरून त्याची जी टिंगल व्हायची! कचेरीतले म्हणायचे, रॉकेट असेल तर घोडा कशाला आणि घोडा असेल तर रॉकेट कशाला? देवळाच्या नाटकमंडळाने त्याची एकांकिका वाचली आणि विचारलं, ही ऐतिहासिक म्हणायची की वैज्ञानिक, एक काय ते ठरव. तो म्हणाला, दोन्ही. त्यांनी कागद परत दिले.

रागावला की तो माळ्यावर येऊन मलाच समजावून सांगायचा, कारण दुसरं ऐकतो कोण? म्हणायचा, "अरे, नव्या ग्रहावर पेट्रोलपंप आहे का? यान बिघडलं तर सुटा भाग पृथ्वीवरून यायला जन्म जाईल. घोडा गवतावर चालतो, आणि मरताना मागे शिंगरू ठेवून जातो. जितकं लांब जाल तितकं जुनं सामान लागेल, हे यांना कळत कसं नाही?"

खरं सांगू? मलाही कळत नव्हतं. मी आपला नाक मुरडून पडलो होतो. मी देवाच्या अंगणात नाचलेला, तलवारीच्या पातीखाली वाढलेला घोडा. मला ही रॉकेटची भेसळ कशाला? पण माळ्यावर वेळ भरपूर असतो. एका दुपारी पडल्यापडल्या मी स्वतःकडे नीट बघितलं. डोकं फणसाचं, अंग बांबूचं, झालर साडीची, शेपूट सुंभाची आणि पाय सदाशिवचे. अर्धा माणूस, अर्धा घोडा. अगं आई गं! माझ्याहून मोठी भेसळ पंचक्रोशीत दुसरी नव्हती, आणि मीच नाक मुरडत होतो! त्या दिवसापासून गोकुळदासच्या गोष्टी मी मान हलवत ऐकू लागलो. मान तशीही हलतच होती.

त्याची एकांकिका अशी होती. तांबड्या ग्रहावर माणसांची एक वस्ती आहे. पाण्याची विहीर एकच. रॉकेटमधून एक दांडगा येतो, विहिरीला कुलूप घालतो आणि किल्ली गळ्यात अडकवून बसतो. वस्ती तहानेने रडकुंडीला येते. तेव्हा दूरवरून एक एकटा स्वार येतो आणि ते कुलूप काढतो. बस, एवढीच. पण गोकुळदास वाचायचा तेव्हा मला तहान लागायची, आणि मी तर पाणी पीतही नाही.

डिचोलीतल्या एका मंडळाने राज्याच्या पहिल्या वाढदिवसाला एकांकिका ठेवल्या होत्या. त्यांना नवीन काही हवं होतं, त्यांनी गोकुळदासला होकार दिला. माणसंही जमली. दांडगा म्हणून धाकू तयार झाला. हा सावंतवाडीकडचा ट्रकवाला, खाणीवर माल ओढायचा, अंगाने दाराएवढा. वस्तीतल्या बाईचं काम गोकुळदासची बायको आनंदी करणार होती. त्या दिवसांत मराठी की कोकणी यावरून घराघरांत ताटं आपटली जात होती. गोकुळदासने तिथेही तेच केलं. स्वार नाटकातली मराठी बोलणार, वस्ती घरची कोकणी बोलणार, आणि धाकूला काहीही लिहून दिलं तरी तो मालवणीच बोलणार, म्हणून त्याला तशीच ठेवली. आता राहिला होता घोडा.

गोकुळदासने भावाला विचारलं. सदाशिव जेवत होता, त्याचा हात ताटातच थांबला. देवाचा घोडा त्या डब्याच्या रॉकेटशेजारी उभा करणार? त्याचं हसं करणार? इतकी वर्षं तो ज्याच्यात नाचला त्याला लोक हसलेले तो बघू शकणार नव्हता. माळ्यावरून मला सगळं ऐकू येत होतं, आणि मला त्याचा राग येईना. मित्रांनो, माझ्यासाठी इतकं जळणारं माणूस दुसरं होतं कोण? पण तेच माणूस मला नदीत सोडायला निघालं होतं, हेही खरंच.

शेवटी सदाशिव म्हणाला, देवीचा कौल घेऊ. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. गोकुळदासने पुजाऱ्याला सगळी एकांकिका सांगितली; ग्रह, यान, विहीर, कुलूप. पुजारी बिचारा भला माणूस. त्याने डोळे मिटून बराच विचार केला, आणि एवढं लांबलचक देवीला कसं विचारायचं म्हणून ते सगळं आटोपशीर करून टाकलं. त्याने विचारलं, घोड्याने गावची शीव ओलांडावी का?

पाकळी डावीकडची पडली.

झालं. डिचोली शहर शिवेपलीकडे. गोकुळदासने मंडळाला नाही कळवलं आणि घरी येऊन पालथा पडून राहिला. आनंदीने चहाबरोबर उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, आणून ठेवला, तोही त्याने दूर सारला. मीही माळ्यावर पडून होतो. वर कौलांच्या फटीतून आभाळ दिसायचं, त्यात ढग जमू लागले होते.

तोडगा काढला आनंदीने, तोही चिडून. ती दोरीवरचे कपडे काढून आत आली होती. आमचं गाव खाणीला लागून, तिथल्या मातीचे डोंगर आमच्या परसापर्यंत आलेले, ट्रक गेला की सगळं तांबडं. तिने एक धोतर नवऱ्यापुढे धरलं. "सकाळीं धुयल्लें, दनपारां तांबडें जालें. आनीक खंयचो ग्रह जाय तुमकां?"

गोकुळदास उठून बसला.

"देवीन शीव हुपूंक नाका म्हणलें," ती पुढे म्हणाली, "ग्रहार वचूंक नाका म्हणूंक ना."

खरंच की! देवीने शीव ओलांडायला मनाई केली होती, ग्रहावर जायला नाही; आणि खाणीच्या मातीचा जुना डोंगर शिवेच्या आतच होता. खाली ट्रक उभे करायचं सपाट मैदान, ते रविवारी रिकामं असायचं. झाड नाही, गवत नाही, नजर पोचेल तिथवर तांबडी माती. गोकुळदास आयुष्यभर जो ग्रह आभाळात शोधत होता, त्याची धूळ रोज त्याच्या जेवणाच्या ताटात येत होती! तो धावतच भावाकडे गेला. देवीच्या शब्दापुढे सदाशिव जाणार नव्हता. पण त्याने अट घातली. खेळात घोड्याला लोक हसले, तर त्याला तिथूनच उचलून न्यायचं, आणि मग नदी.

"आणि नाही हसले तर?" गोकुळदासने विचारलं.

"तर रावूं दी," सदाशिव म्हणाला.

आता बघा माझी अवस्था. माझा जीव एका कारकुनाच्या पायांवर अवलंबून, कारण स्वार तोच होणार होता. धाकटा असल्याने तो जन्मात कधी माझ्यात उभा राहिला नव्हता, आणि सदाशिव काही शिकवणार नव्हता. तो परसात माझे पट्टे खांद्यावर घेऊन सराव करायचा तेव्हा मला वाटायचं, मी घोडा नसून त्याच्या कचेरीची फाईल आहे. इतक्या जपून मला इकडून तिकडे न्यायचा.

रविवारी उन्हं कलली आणि गाव मैदानावर जमलं. डांबराची पिंपं एकावर एक रचून रॉकेट केलं होतं. ते उडताना आवाज हवा म्हणून शिगम्याचे ढोल-ताशेवाले एका अंगाला बसवले होते. लोक खेळीमेळीने आले होते, पण खरं सांगायचं तर पुष्कळजण गंमत बघायलाच आले होते. सदाशिव सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून. खेळ बघायला नव्हे, मला घरी न्यायला.

सुरुवात छान झाली. रॉकेट गडगडलं, धाकू उतरला, त्याने विहिरीला कुलूप घातलं. आनंदी रिकामी कळशी घेऊन त्याच्यापुढे अशी काही बोलली की बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. तिला रोज नळावर जे बोलावं लागायचं तेच ती बोलत होती. मग डोंगराच्या कडेने स्वार यायचा होता. म्हणजे आम्ही.

आम्ही आलो. गोकुळदास चालला तो कचेरीला उशीर झाल्यासारखा, अंग ताठ आणि पावलं तुरुतुरु. पहिल्याच चढावर त्याचा पाय घसरला, माझी मान गदागदा हलली आणि मी सगळ्या गावाला सलाम ठोकला. एक पोर खिदळलं. मग दुसरं. मागून कोणीतरी म्हणालं, "गोकुळदासबाब, घोड्याक पेट्रोल घाल!" आणि सगळं मैदान हसलं.

मित्रांनो, मी डोळे मिटले असते, पण माझे रंगवलेले आहेत, मिटत नाहीत. संपलं सगळं, असं मला वाटलं. गोकुळदास मधोमध थांबला. त्याला पुढचं वाक्य आठवेना. आणि मागून गर्दीतून वाट काढत सदाशिव येताना दिसला.

तो समोर येऊन उभा राहिला. हसू हळूहळू विरलं.

"भायर सर," तो भावाला म्हणाला. "घोडो असो नाचयनात."

गोकुळदास निमूटपणे माझ्यातून बाहेर आला. सदाशिवने माझे पट्टे हातात घेतले. आता घरी, मग नदी, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याने धोतर वर खोचलं, भावाच्या हातातली तलवार घेतली आणि पट्टे खांद्यांवर चढवले. त्याचे खांदे मी अंधारातही ओळखले असते. मग त्याने हळूच विचारलं, "म्हाका खंय वचपाचें?"

गोकुळदासने विहिरीकडे बोट केलं. "बांयकडेन, दादा," तो कसाबसा म्हणाला. "विहीर सोडवायची आहे."

सदाशिवने ढोलवाल्यांकडे बघून मान डोलवली. आणि माझ्या तुटक्या कानाशी म्हणाला, "सांबाळ रे."

काठी पडली. काय सांगू तुम्हाला! त्या तांबड्या मातीवर आम्ही असे झेपावलो की धुळीचे लोट उठले. मान लटपटत होती, पण आता ती लटपट नव्हती, उधळलेल्या घोड्याची मान तशीच उडते. सूर्य डोंगराआड चालला होता आणि सगळी धूळ पेटल्यासारखी दिसत होती. सदाशिवला एकही वाक्य येत नव्हतं. म्हणून गोकुळदास बाजूला उभा राहून स्वाराचं बोलू लागला. पाय एका भावाचे, आवाज दुसऱ्याचा, डोकं माझं. "कुलूप काढ!" गोकुळदास गरजला, आणि सदाशिवची तलवार धाकूच्या नाकापुढे थांबली.

लिहिलेलं असं होतं की धाकूने झुंज द्यायची आणि मग पडायचं. पण सदाशिवबाब खरोखर अंगावर आलेला बघून तो सगळं विसरला. गळ्यातली किल्ली काढून त्याने दोन्ही हातांनी पुढे केली. "ही घेवा चावी," तो म्हणाला. "माका पाणी नुको."

पुन्हा सगळं मैदान हसलं, पण ते हसू निराळं होतं. आनंदीने कळशी भरली तेव्हा टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, आणि देवळाच्या नाटकमंडळातले दोघेजण उभे राहून बघत होते. ही ऐतिहासिक की वैज्ञानिक, असं कुणी विचारलं नाही.

लोक पांगले. सदाशिव मातीच्या ढिगावर दम खात बसला होता, मी त्याच्या मांडीला टेकून. गोकुळदास जवळ आला. तो खरा माणूस. अट त्याच्या लक्षात होती. मान खाली घालून म्हणाला, "दादा, लोक हांसले."

सदाशिवने माझ्या नाकावरची धूळ पंच्याने पुसली.

"तुका हांसले," तो म्हणाला. "घोड्याक न्हय."

हुश्श! मित्रांनो, मेस्तने नाकपुडीत फुंकलेला तो श्वास मी त्या क्षणी पहिल्यांदा पुरता सोडला. पुढे पाऊस आला, नदीला पाणी चढलं, वाहून गेलं. मी घरातच होतो. सदाशिवने मेस्तच्या मुलाला बोलावून माझ्या सांध्यात नवी खुंटी बसवली. कान मात्र तसाच ठेवायला सांगितला.

तेव्हापासून शिगमा नव्या घोड्याचा, आणि शिगमा झाला की मैदानावरचा खेळ माझा. गोकुळदास दरवर्षी नवं काही लिहितो आणि दरवर्षी त्यात काहीतरी भलतंच एकत्र घालतो. आता त्याला कुणी एक काय ते ठरव म्हणत नाही. तुमच्याही घरात असं कुणी असेल, ज्याची आवड कुठल्याच खणात बसत नाही. त्याला हसण्याआधी एकदा त्याची गोष्ट पुरती ऐका. आणि माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल तर नदीची वाट दाखवण्याआधी त्याच्यावरची धूळ पुसून बघा. नव्या जागी जुनं सामान लागतं.

आत्ताच खाली पावलं वाजली. शिडी करकरते आहे. सदाशिवचे गुडघे आता दुखतात, तो एकेक पायरी थांबून चढतो. त्याने मला उजेडात ओढलं, पट्टे ताणून बघितले, आणि खाली अंगणात बसलेल्या भावाला हाक मारून विचारलं, "ह्या वर्सा खंयच्या ग्रहार?"